गॅस गिझर आणि गॅसची नळी बदलताना: ज्योतीची हवा वेगळी, माणसाची हवा वेगळी

हिवाळ्याची चाहूल लागली की पाणी तापविण्याच्या साधनांची आठवण होते. वर्षभर कोपऱ्यात पडून असलेला गॅस गिझर पुन्हा सुरू केला जातो, तो पेटत नसल्यास मेकॅनिकला बोलावले जाते किंवा जुना काढून नवा बसविला जातो. त्याच वेळी सिलिंडरपासून गिझरपर्यंत जाणाऱ्या नळीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. छत्तीसगढमधील भिलाई शहरातील कॅम्प-१ सारख्या जुन्या, दाट वस्तीत तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. घरे लहान, न्हाणीघरे त्याहून लहान, आणि अनेकदा त्यांना खिडकीही नसते. अशा ठिकाणी गिझर किंवा गॅसवाहिनी बदलणे हे केवळ नळजोडणीचे काम राहत नाही. घरातील माणसे कोणती हवा श्वासावाटे घेणार, हे त्या कामात ठरत असते.

या लेखात गॅस गिझर कसा चालतो, त्यातून धोका नेमका कोठे निर्माण होतो आणि जुनी नळी व जुना गिझर बदलताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती दिली आहे.

छावणीची झाली वस्ती

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ वेगळा झाला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. १ नोव्हेंबर २००० पासून तो छत्तीसगढमध्ये आहे. विदर्भाशी असलेले हे जुने नाते आणि कारखान्यातील रोजगार यांमुळे भिलाईत मराठी कुटुंबेही स्थायिक झाली.

पॉवर हाउस भागाजवळच्या कॅम्प-१ आणि कॅम्प-२ या वस्त्यांच्या नावांतच त्यांचा इतिहास आहे. कारखाना उभारणाऱ्यांच्या छावण्यांची पुढे कायमची वस्ती झाली. अशा वस्तीत घर एकदाच बांधले जात नाही. कुटुंब वाढते तशी एक खोली वाढते, अंगणाचा कोपरा झाकला जातो, त्यात न्हाणीघर होते. पूर्वी उघडे असलेले तोंड भिंतीने बंद होते. प्रत्येक बदल सोयीसाठीच केलेला असतो. परंतु प्रत्येक बदलासोबत घरातील हवेची वाटही बदलत जाते, आणि गॅसचे साधन बसविताना सर्वांत आधी पाहायची ती हीच वाट होय.

बंबापासून गिझरपर्यंत

मराठी घरांत पाणी तापविण्याचे जुने साधन म्हणजे तांब्याचा बंब. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राख पडण्याची जागा आणि वर धुराला वाट, अशी त्याची रचना असे. बंब बहुधा परसात, ओसरीवर किंवा न्हाणीच्या बाहेर पेटविला जाई. पाणी तापले की ते बादलीतून आत नेले जाई. लाकूड आणि गोवऱ्यांच्या धुराने डोळे चुरचुरत, त्यामुळे बंद खोलीत बंब पेटविण्याचा विचार सहसा कोणी करीत नसे. धूर हीच एक सूचना होती.

गॅस गिझरमध्ये ही सूचना नाहीशी झाली. त्याच्या पेटीत तांब्याच्या पत्र्यांची एक जाळी असते, तिच्यातून पाण्याची नळी फिरविलेली असते आणि खाली बर्नर असतो. नळ उघडताच पाण्याच्या दाबाने पडदा हलतो, गॅसची झडप उघडते, बॅटरीच्या ठिणगीने ज्योत पेटते आणि काही क्षणांत गरम पाणी येऊ लागते. टाकी नाही, वाट पाहणे नाही, विजेचे मोठे बिल नाही. वीज गेली तरी पाणी तापते. त्यामुळे हे साधन अनेक घरांना सोयीचे वाटले यात नवल नाही. मात्र भिंतीवर टांगलेली ही लहानशी पेटी म्हणजे प्रत्यक्षात एक मोठी चूल आहे, हे तिच्याकडे पाहून लक्षात येत नाही.

दहा मिनिटांचे गणित

मिनिटाला ६ लिटर पाणी देणाऱ्या गिझरचे उदाहरण घेऊ. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढवायचे असल्यास मिनिटाला १५० किलोकॅलरी, म्हणजे तासाला ९,००० किलोकॅलरी उष्णता पाण्याला मिळाली पाहिजे. काही उष्णता वाया जाते, हे धरल्यास ज्योतीची क्षमता साधारण १३ किलोवॉट होते. स्वयंपाकाच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन ते अडीच किलोवॉटचा असतो. म्हणजे असा एक गिझर चालू असणे हे पाच-सहा मोठे बर्नर एकाच वेळी पूर्ण पेटविण्यासारखे आहे. या गतीने तासाला सुमारे १ किलो गॅस जळतो.

आता हवेचा हिशेब पाहू. १ किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यासाठी साधारण ३.६ किलो प्राणवायू लागतो. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असल्याने, त्यासाठी सुमारे १३ घनमीटर हवा खर्ची पडते. दहा मिनिटांच्या आंघोळीत गिझर चालू राहिला तर दोन घनमीटरहून थोडी अधिक हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. दार-खिडक्या घट्ट बंद असतील, तर दहा मिनिटांत खोलीतील प्राणवायूचा एक तृतीयांशाहून अधिक भाग ज्योतच संपवू शकते. उरलेल्या हवेत माणूस उभा असतो.

प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येत राहते, त्यामुळे प्रत्येक वेळी अपघात होत नाही. हेच या साधनाविषयीच्या गैरसमजाचे मुख्य कारण आहे. अनेक वर्षे काही झाले नाही म्हणून यापुढेही होणार नाही, असे गृहीत धरले जाते. एखाद्या थंड सकाळी फटीला कापड लावले जाते, पाठोपाठ घरातील तिघे-चौघे आंघोळ करतात किंवा गिझरची जाळी काजळीने भरलेली असते. नेहमीचे साधन त्या दिवशी घातक ठरते.

वास नसलेला वायू

एलपीजी हे प्रोपेन आणि ब्यूटेन या वायूंचे मिश्रण आहे. त्याला स्वतःचा उग्र वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे दुर्गंधीयुक्त द्रव्य मुद्दाम मिसळले जाते. त्यामुळे गॅसची गळती बहुधा नाकाला कळते. पुरेशी हवा मिळाली तर हा गॅस निळ्या ज्योतीने जळतो आणि त्यापासून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग, वास किंवा चव नाही. मरकॅप्टनही तोपर्यंत जळून गेलेले असते. म्हणजे ज्या वायूची सूचना मिळते तो गळतीचा, आणि जो सूचनेशिवाय येतो तो ज्वलनाचा. घरात दोन्ही धोके एकाच नळीच्या दोन टोकांना असतात.

रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. त्यामुळे हवेत या वायूचे अल्प प्रमाण असले तरी ते रक्तात साठत जाते. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते. नंतर पायांतील बळ जाते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असूनही दाराची कडी काढू शकत नाही, ही या विषबाधेतील सर्वांत भयंकर बाब होय.

मार्च २०२३ मध्ये धुळवडीच्या दिवशी मुंबईत घाटकोपर येथे रंग खेळून आलेले एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले. गॅस गिझरमधील वायूमुळे गुदमरून मृत्यू झाल्याचा संशय तेव्हा व्यक्त करण्यात आला. त्याच सुमारास उत्तर प्रदेशातील गाझियाबाद जिल्ह्यातही अशीच घटना घडली. न्हाणीघरात शुद्ध हरपणे किंवा झटका येणे हे अपस्माराचे लक्षण समजून उपचार सुरू झाले आणि नंतर खरे कारण गॅस गिझर असल्याचे उघड झाले, अशा रुग्णांची नोंद भारतातील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांतून केली आहे. त्यामुळे आंघोळीच्या वेळीच वारंवार चक्कर येत असेल तर डॉक्टरांना घरातील गिझरविषयी आवर्जून सांगावे.

कारखान्याने दिलेला धडा

भिलाईकरांना हा वायू अपरिचित नाही. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण साधारण २० ते २५ टक्के असते. कोक भट्टीच्या वायूत ते बरेच कमी असते, पण त्यात निम्म्याहून अधिक हायड्रोजन आणि सोबत मिथेन असल्याने तो अत्यंत ज्वालाग्राही असतो. हे वायू वाया न घालविता मोठमोठ्या नळांतून कारखान्यात इंधन म्हणून फिरविले जातात.

१२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यातील दुसऱ्या क्रमांकाच्या पंप हाउसमध्ये बिघाड झाला आणि पाण्याचा दाब कमी झाला. झोतभट्टीचा वायू धुऊन स्वच्छ करण्यासाठी पाणी वापरले जाते. दाब घटल्यामुळे ज्या वाटेने पाणी यायचे त्या वाटेने वायू उलट शिरला, असे त्या वेळी सांगण्यात आले. या दुर्घटनेत ६ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये दोन वरिष्ठ अधिकारीही होते.

९ ऑक्टोबर २०१८ रोजी याच कारखान्यात कोक भट्टीच्या ११ क्रमांकाच्या संकुलाजवळ वायुवाहिनीच्या नियोजित देखभालीचे काम सुरू असताना भीषण आग लागली. त्या दिवशी ९ जणांच्या मृत्यूचे वृत्त आले आणि भाजलेल्यांपैकी आणखी काहींचा पुढे उपचार सुरू असताना मृत्यू झाला. बळी पडलेल्यांत अग्निशमन दलाचे कर्मचारीही होते, म्हणजे सुरक्षेसाठीच तेथे उभे असलेले लोक.

या दोन घटनांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पाण्याची वाहिनी आणि वायूची वाहिनी जेथे एकमेकींना भेटतात तेथे एकीतील बिघाड दुसरीत उतरतो. दुसरी, वायुवाहिनीचा मोठा धोका ती शांतपणे चालू असताना नसतो, ती उघडली जाते त्या वेळी असतो. म्हणूनच कारखान्यात वाहिनी उघडण्यापूर्वी लेखी परमिट घेतले जाते, वाहिनी मागून बंद केली जाते, नायट्रोजनसारख्या न जळणाऱ्या वायूने ती धुतली जाते, गॅस तपासला जातो आणि काम एकट्याने केले जात नाही. घरातील नळी लहान असली तरी क्रम हाच असला पाहिजे: आधी बंद करणे, मग मोकळे करणे, मग तपासणे आणि त्यानंतरच हात लावणे.

नळी बदलताना

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस द्रवरूपात असतो. एक लिटर द्रवापासून साधारण अडीचशे लिटर वायू तयार होतो. सिलिंडरमधील दाब रेग्युलेटर कमी करतो आणि नळीत तो सुमारे ३० मिलीबार इतकाच राहतो. हा दाब कमी असला तरी निश्चिंत होता येत नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने तो उडून जात नाही, तर जमिनीलगत, ओट्याखाली आणि मोरीत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. २० घनमीटरच्या स्वयंपाकघरात त्यासाठी एक किलोहूनही कमी गॅस पुरतो, म्हणजे भरलेल्या सिलिंडरचा जेमतेम पंधरावा भाग.

साधी रबरी नळी उष्णतेने कडक होते, तिला बारीक चिरा पडतात, उंदीर ती कुरतडतात. म्हणून आतून तारेची जाळी असलेली, भारतीय मानक आयएस ९५७३ नुसार बनविलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळी वापरावी. तिच्यावर छापलेली मुदत पाहावी. ही नळी सामान्यतः पाच वर्षे वापरता येते. मुदत संपल्यावर ती बाहेरून चांगली दिसत असली तरी बदलावी. नळी बदलताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढावा आणि सिलिंडरच्या तोंडावर टोपण बसवावे. घरातील देवापुढचा दिवा, उदबत्ती, शेगडी सर्व विझवावे. दारे-खिडक्या उघडाव्यात.

२. नळी दीड मीटरपेक्षा लांब असू नये. ती भिंतीतून, दाराच्या चौकटीतून किंवा फरशीखालून नेऊ नये. दोन तुकडे जोडून लांबी वाढवू नये. जी नळी डोळ्यांना दिसत नाही तिची गळतीही दिसत नाही.

३. गिझर दूर असेल तर रबरी नळी न वापरता तांब्याची किंवा योग्य दर्जाची धातूची वाहिनी अनुभवी आणि अधिकृत माणसाकडूनच टाकून घ्यावी. ती भिंतीवर उघडी ठेवावी आणि प्रत्येक साधनाआधी बंद करण्याची चावी असावी. शेगडी आणि गिझर यांना एकाच रबरी नळीवर टी लावून जोडू नये.

४. पाण्याच्या नळाच्या सांध्यांना जसे सुतळी आणि सफेदा लावतात, तसे गॅसच्या सांध्यांना लावू नये. सुतळी वाळली की सांधा सैल पडतो. गॅससाठी वेगळे सीलबंद करणारे साहित्य मिळते, तेच वापरावे.

५. काम झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. फुगे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती तपासण्याची पद्धत जीवघेणी आहे. नवी धातूची वाहिनी असल्यास ती दाबाखाली ठेवून दाब उतरतो का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

६. सिलिंडर उभाच ठेवावा आणि तो जमिनीच्या पातळीपेक्षा खोल जागेत ठेवू नये. त्या खोलीत जमिनीलगत हवेला बाहेर जाण्याची वाट असावी.

गिझर कोठे बसवावा

गिझर निवडताना त्यावर भारतीय मानक चिन्ह आहे का, हे पाहावे. एलपीजीवर चालणाऱ्या लहान घरगुती गिझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. परंतु चांगला गिझर चुकीच्या जागी बसविला तर मानक चिन्हाचा उपयोग होत नाही. किमतीचा किंवा कंपनीचा विचार त्यानंतर करावा, जागेचा आधी.

गिझर न्हाणीघरात बसवू नये. तो बाल्कनीत, मागच्या अंगणात किंवा न्हाणीघराच्या बाहेरील भिंतीवर, पावसापासून आडोसा असेल पण हवा खेळती राहील अशा जागी लावावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणावी. ही नळी साध्या पीव्हीसीची नसावी. गरम पाणी सहन करणारी सीपीव्हीसी किंवा धातूची असावी. बाहेर लावलेल्या गिझरचा धूर झरोक्यातून पुन्हा आत येत नाही, याचीही खात्री करावी. चार भिंतींनी वेढलेल्या अरुंद शाफ्टमध्ये किंवा पत्र्याने पूर्ण झाकलेल्या अंगणात गिझर बसविणे म्हणजे तो बाहेर बसविणे नव्हे.

न्हाणीघरात फक्त एक्झॉस्ट पंखा लावला की धोका टळतो, असा समज आढळतो. पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर तो गिझरचा धूरही खोलीत खेचू शकतो. हवेला खालून येण्याची आणि वरून जाण्याची, अशा दोन्ही वाटा कायम उघड्या हव्यात.

जागेअभावी गिझर तूर्त हलविणे शक्य नसेल, तर बाहेरची सोय होईपर्यंत एक जुनीच पद्धत पाळावी. दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर आणि गॅस दोन्ही बंद करावेत, वाफ व धूर बाहेर जाऊ द्यावा आणि मगच आंघोळ करावी. बंबाच्या काळी हेच होत असे. मुलांना आणि वृद्धांना एकटे असताना आतून कडी लावू देऊ नये. हा तात्पुरता उपाय आहे, हे विसरू नये.

जुना गिझर ओळखण्याच्या खुणाही सोप्या आहेत. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसणे, पेटीवर काजळी धरणे, पेटताना भक्कन आवाज होणे, वास येणे, नळ बंद केल्यावरही ज्योत रेंगाळणे, यांपैकी काहीही आढळल्यास तो वापरू नये. पावसाळ्यात गिझर बंद राहतो तेव्हा बर्नरच्या छिद्रांत कोळी आणि कीटक घर करतात. क्षारयुक्त पाण्याने आतील नळी अरुंद होते. म्हणून हंगामाच्या आरंभी सफाई आवश्यक आहे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र बाजारात मिळते. ते जरूर लावावे, मात्र त्याचीही ठराविक मुदत असते आणि ते हवेच्या वाटेची जागा घेऊ शकत नाही.

चाकांवरच्या घरातील उदाहरण

याच प्रश्नाचे एक वेगळे उत्तर प्रवासी ट्रेलरांत पाहायला मिळते. अमेरिकेत मोटारीमागे ओढून नेण्याचे राहते ट्रेलर अनेक दशकांपासून वापरात आहेत, आणि जुने ट्रेलर दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद तेथे जोपासला जातो. त्यातील पाण्याचा हीटर आणि गॅसची वाहिनी बदलणे हे या दुरुस्तीतील महत्त्वाचे काम असते. तेथील वाहिनीतील दाबही आपल्या घरगुती दाबाच्या जवळपास, सुमारे २८ मिलीबार असतो. प्रवासातील हादऱ्यांमुळे सांधे ढिले होतात, म्हणून वाहिनी दाबाखाली तपासल्याशिवाय पुन्हा वापरत नाहीत.

ट्रेलरची खोली आपल्या लहान न्हाणीघरापेक्षा फार मोठी नसते. तरीही तेथे गॅसचा हीटर चालतो, कारण त्याची रचना वेगळी असते. हीटरचे तोंड बाहेरच्या भिंतीत असते. ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. आत येते ते फक्त गरम पाणी. सिलिंडरही बाहेर किंवा तळाशी झरोके असलेल्या, आतल्या खोलीपासून बंद केलेल्या कप्प्यात असतो. ज्योतीची हवा आणि माणसाची हवा यांची तेथे सरमिसळ होऊ दिली जात नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण स्वीकारले. जुन्या गाड्यांत स्वयंपाकाची आणि आंघोळीची सोय करून घेणाऱ्या हौशी प्रवाशांनी हे तत्त्व ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. घरगुती गॅस गिझर गाडीच्या आत टांगणे हे खिडकी नसलेल्या न्हाणीघरात तो टांगण्यापेक्षाही धोक्याचे आहे. गाडीत झोपतानाही दारे बंदच असतात.

अपघात घडल्यास

न्हाणीघरातून हाकेला उत्तर आले नाही तर वेळ दवडू नये. गॅस मागून बंद करावा, दार उघडावे किंवा तोडावे, व्यक्तीला तात्काळ मोकळ्या हवेत न्यावे. मदत करणाऱ्याने आत थांबू नये, कारण तोच वायू त्यालाही गाठतो. श्वास थांबला असल्यास प्रशिक्षित व्यक्तीने कृत्रिम श्वसन सुरू करावे आणि १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागावी.

रुग्णालयात पोहोचल्यावर गॅस गिझरचा उल्लेख आवर्जून करावा. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे साधे यंत्र कार्बन मोनॉक्साइड धरलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूयुक्त समजते, त्यामुळे त्यावरील आकडा चांगला दिसू शकतो. खरे निदान रक्ततपासणीने होते. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे होण्यास चार ते सहा तास लागतात, तर मुखवट्याने शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तास-दीड तास. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला तरी घरीच विश्रांती देणे योग्य नाही.

गळतीचा वास आल्यास विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये, काडी पेटवू नये, रेग्युलेटर बंद करून दारे उघडावीत आणि बाहेर येऊन एलपीजी गळतीसाठी असलेल्या १९०६ या क्रमांकावर कळवावे.

कॅम्प-१ मधील असो वा मुंबईतील, जुने घर एका दिवसात बदलता येत नाही. परंतु गिझर भिंतीच्या आतून बाहेर हलविण्यास एक भोक, काही फूट नळी आणि एका दिवसाचे काम पुरते. येत्या हिवाळ्यात मेकॅनिक घरी येईल तेव्हा नव्या गिझरची किंमत विचारण्याआधी त्याला एवढेच विचारावे: या ज्योतीला हवा कोठून मिळणार आणि तिचा धूर कोठे जाणार? उत्तर ‘न्हाणीघरातून आणि न्हाणीघरात’ असे असेल, तर तो गिझर तेथे बसवू देऊ नये.